जुने सरकारी संगणक शाळांना : मदत की अडगळ?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. मात्र सुरक्षेसाठी नियमितपणे मिळणारी डागडुजी बंद झाली. ती पुढे काही काळ मिळवायची, तर त्यासाठी वेगळी व्यवस्था करणे कार्यालयांना भाग पडले. 'विंडोज ११' साठी लागणारी सुरक्षा-चिप आणि प्रोसेसर जुन्या यंत्रांत नाहीत. त्यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तवला होता. ज्या सरकारी कार्यालयांत ही प्रणाली आणि जुनी यंत्रे आहेत, त्यांनाही हा प्रश्न टळणारा नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आणखी दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारच्या कार्यालयांतील अडगळ दूर करण्यासाठी २०२१ पासून दर ऑक्टोबरला राबवल्या जाणाऱ्या विशेष मोहिमेचा पाचवा टप्पा पार पडला आणि त्यात ई-कचऱ्याच्या विल्हेवाटीवर भर देण्यात आला. महिनाअखेरीस केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचय करून देण्याचा इरादा जाहीर केला. एकीकडे कार्यालये संगणक बाहेर काढत आहेत, दुसरीकडे शाळांना संगणक हवे आहेत. शिक्षण मंत्रालयाच्या 'यू-डायस प्लस'च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील १४.७१ लाख शाळांपैकी ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. म्हणजे पाच लाखांहून अधिक शाळा अजून त्यापासून दूर आहेत.

मग कार्यालयांतील जुने संगणक शाळांना का देऊ नयेत, हा प्रश्न कोणाही नागरिकाला सुचावा इतका सरळ आहे. त्याचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. असे दान अनेक देशांनी तीन दशकांपासून केले आहे आणि त्याचे बरेवाईट परिणाम नोंदले गेले आहेत. कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडलेल्या संगणकाची जबाबदारी त्याच्या अखेरपर्यंत कोणावर तरी निश्चित असेल, तर ते दान उपयोगी पडते. अन्यथा एका इमारतीतील अडगळ दुसऱ्या इमारतीत जाते, एवढेच घडते. त्या अनुभवाचे सार इतके आहे.

लिलाव सोपा, देणगी अवघड

केंद्र सरकारच्या मालमत्तेची विल्हेवाट सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार होते. एखादी वस्तू जादा, कालबाह्य किंवा निरुपयोगी ठरवायची, तर सक्षम अधिकाऱ्याने कारणे नोंदवावी लागतात आणि त्यासाठी समिती नेमता येते. वस्तूची उरलेली किंमत दोन लाख रुपयांहून अधिक असेल, तर जाहीर निविदा किंवा सार्वजनिक लिलाव हे मार्ग सांगितले आहेत. त्याहून कमी किमतीच्या वस्तूंबाबत विल्हेवाटीची पद्धत ठरवण्याची मुभा सक्षम अधिकाऱ्याला आहे. वस्तू साचून जागा अडू नये आणि तिची किंमत घसरू नये, हे त्याने पाहायचे आहे. राज्य सरकारांचे नियम स्वतंत्र असले, तरी त्यांची घडण साधारण याच वळणाची आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत या प्रक्रियेला 'निर्लेखन' म्हणतात आणि ते पूर्ण होईपर्यंत वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे नेहमीच्या बोलीत 'डेडस्टॉक रजिस्टर'मध्ये, जिवंत राहते.

या रचनेत सार्वजनिक हित मोजण्याचे माप एकच आहे, ते म्हणजे विक्रीतून तिजोरीत आलेला पैसा. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत विशेष मोहिमांतून भंगारविक्रीपोटी दोन हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाल्याचे केंद्र सरकारने सांगितले आहे. त्यात जुनी वाहने, लोखंड, फर्निचर असे सारेच आले. संगणकांचा वाटा त्यात वेगळा दिसत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. लिलावात विकलेल्या यंत्राची रक्कम खात्यात दिसते. एखाद्या आश्रमशाळेत आणखी चार वर्षे चाललेल्या यंत्राची किंमत कोणत्याही रकान्यात दिसत नाही. अधिकाऱ्याच्या दृष्टीने लिलाव सुरक्षित असतो, कारण लेखापरीक्षणात त्यावर प्रश्न निघत नाही. देणगी दिली, की ती याच शाळेला का, किंमत कोणी ठरवली, यंत्र चालू असताना जादा का ठरवले, अशा प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

असे असूनही सरकारने एका बाबतीत वेगळा मार्ग स्वीकारला आहे. अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने जुलै २०२३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार उपसचिव आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांना कामासाठी लॅपटॉप किंवा तत्सम साधन मिळते. किमतीची मर्यादा एक लाख रुपये असून, देशी घटकांची अट पूर्ण झाल्यास ती १ लाख ३० हजार रुपये आहे. चार वर्षांनंतर ते साधन अधिकाऱ्याला स्वतःकडे ठेवता येते. मात्र त्याआधी त्यातील सर्व माहिती पूर्णपणे पुसली गेल्याची खात्री संबंधित खात्याने करायची आहे. या आदेशात यंत्राचे आयुष्य ठरले आहे, माहिती पुसण्याची जबाबदारी ठरली आहे आणि लिलावाविना हस्तांतरणही मान्य झाले आहे. जे अधिकाऱ्यासाठी नियमात बसते, ते शाळेसाठी बसवणे अशक्य नाही. परकीय व्यापार धोरणातही वर्षानुवर्षे अशीच एक तरतूद राहिली आहे. निर्यातप्रधान आणि सॉफ्टवेअर पार्कमधील उद्योगांना किमान दोन वर्षे वापरलेले संगणक शुल्क न भरता बिगरव्यापारी शिक्षणसंस्था, सार्वजनिक ग्रंथालये व धर्मादाय रुग्णालयांना देता येतात. तेव्हा कल्पना सरकारला परकी नाही. सरकारच्या स्वतःच्या जादा संगणकांसाठी तिला ठोस आणि सर्वमान्य वाट नाही, इतकेच.

अमेरिकेने कायदा केला, पण...

ही वाट कायद्याने आखण्याचा सर्वांत जुना आणि मोठा प्रयत्न अमेरिकेचा. संशोधनासाठीची जादा उपकरणे शाळांना थेट देण्याची मुभा तेथील संघीय प्रयोगशाळांना १९९२ मध्ये कायद्याने मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी गणित व विज्ञान शिक्षणासाठी अशी उपकरणे देण्यास उत्तेजन देणारा आदेश काढला. त्यापुढचे पाऊल बिल क्लिंटन यांनी १७ एप्रिल १९९६ रोजी टाकले. त्यांच्या १२९९९ क्रमांकाच्या आदेशाने संघीय खात्यांचे शिक्षणोपयोगी जादा संगणक देताना शाळा आणि ना-नफा शैक्षणिक संस्थांना सर्वोच्च प्राधान्य मिळाले. त्यातही सरकारने मागास म्हणून निश्चित केलेल्या भागांतील शाळांना झुकते माप होते. पुढे 'कॉम्प्युटर्स फॉर लर्निंग' या नावाने ही योजना सरकारी मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेमार्फत चालू लागली. खात्यांनी जादा यंत्रांची यादी मांडायची, नोंदणीकृत शाळांनी मागणी करायची आणि खात्याने वाटप करायचे, अशी तिची पद्धत.

या योजनेचा मोठा गुण हा की, तिने अधिकाऱ्याच्या मनातील भीती काढली. शाळेला संगणक देणे हा अपवाद न राहता नियम झाला. लेखापरीक्षकालाही त्यात वावगे दिसण्याचे कारण उरले नाही. भारतीय नियमांत आज नेमकी हीच उणीव आहे.

मात्र अमेरिकी योजनेची मर्यादाही तितकीच बोलकी आहे. यंत्र 'आहे त्या स्थितीत' दिले जाते आणि वाहतुकीचा खर्च सर्वसाधारणपणे शाळेने करायचा असतो. दुरुस्तीची जबाबदारीही घेणाऱ्याचीच. गोपनीयतेच्या कारणास्तव अनेकदा हार्ड डिस्क काढून घेतलेली असते. ज्या शाळेकडे वाहन, तंत्रज्ञ आणि सुट्या भागांसाठी पैसा आहे, तिला या यंत्रांचा लाभ होतो. ज्या शाळेकडे यातले काहीच नाही, तिच्यासाठी ते ओझे ठरते. म्हणजे प्राधान्य कागदावर गरीब शाळेला आणि सोय मात्र सुस्थितीतील शाळेची. कायदा केला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

मधला दुवा : कार्यशाळा

अमेरिकी योजनेत नसलेला दुवा कॅनडाने सुरुवातीपासूनच ओळखला. तेथील उद्योग खात्याने दूरध्वनी कंपन्यांच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवी संघटनेसोबत १९९३ मध्ये 'कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात कार्यालय आणि शाळा यांच्यामध्ये कार्यशाळा उभी राहते. सरकारी खाती आणि खासगी कंपन्या संगणक कार्यशाळेला देतात. तेथे माहिती पुसली जाते, भाग तपासले जातात, दोन-तीन यंत्रांतून एक चांगले यंत्र जुळवले जाते, नवी प्रणाली घातली जाते आणि मगच ते शाळेत जाते. जे दुरुस्त होण्यासारखे नाही, ते पुनर्चक्रीकरणाकडे पाठवले जाते. या कार्यशाळांत काम करणारे हात मुख्यतः तरुणांचे असतात. सरकारच्या युवा-रोजगार कार्यक्रमातून त्यांना उमेदवारीची संधी मिळते. अशा रीतीने दहा लाखांहून अधिक संगणक शाळा, ग्रंथालये आणि संस्थांपर्यंत पोहोचले. त्याबरोबरच हजारो तरुणांच्या हाती दुरुस्तीचे कसब आले.

कोलंबियाने कॅनडाचा हा नमुना २००० मध्ये उचलला. 'कोम्पुतादोरेस पारा एदुकार' या नावाच्या कार्यक्रमाने आरंभी सरकारी व खासगी कार्यालयांतील जुनी यंत्रे नूतनीकरण करून शाळांना दिली आणि पुढे निकामी यंत्रे सुटी करण्यासाठी स्वतंत्र केंद्रही उभारले. ब्राझीलने तर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी इलेक्ट्रॉनिक साधनांची विल्हेवाट व नूतनीकरण यासाठी राष्ट्रीय धोरणाचा कायदाच केला. गरीब वस्त्यांतील युवकांचे प्रशिक्षण आणि संगणकांचे नूतनीकरण यांची सांगड त्याने घातली.

यंत्र नीट करून दिले की काम संपते, असे मात्र नाही. कोलंबियातील याच कार्यक्रमाचा अभ्यास फेलिपे बारेरा-ओसोरियो आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी ९७ शाळांमध्ये केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार संगणक मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. शिक्षकांनी संगणक प्रत्यक्ष विषयाच्या अध्यापनात फारसा आणलाच नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. संगणक शिकवण्यासाठी संगणक वापरला गेला. भाषा शिकवण्यासाठी नाही.

वडोदऱ्याचा धडा

याच प्रश्नावरचा भारतातील अत्यंत महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्राच्या शेजारी, वडोदरा शहरात आहे. गुजरात सरकारने २००० मध्ये तेथील महानगरपालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यांतील फारच थोड्या शाळांत ते वापरात असल्याचे दिसले. योग्य सॉफ्टवेअर नव्हते आणि ती हाताळणारे प्रशिक्षित माणूसही नव्हते. त्यानंतर संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ तयार केले, प्रशिक्षक नेमले आणि दोन मुलांना मिळून एक संगणक, आठवड्याला दोन तास, असा बेताचाच कार्यक्रम आखला.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी त्याचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन केले. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी गणितातील प्रगती ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाणित विचलन इतकी आढळली. शिक्षणक्षेत्रातील प्रयोगांत ही वाढ भरघोस मानली जाते. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने त्यातील बराचसा लाभ ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

यंत्रे तीच होती, शाळा त्याच होत्या आणि मुलेही त्याच घरांतून येणारी होती. धूळ खात पडलेली यंत्रे आणि गणित शिकवणारी यंत्रे यांत फरक होता तो आठवड्याच्या दोन तासांचा, योग्य सॉफ्टवेअरचा आणि ते चालवणाऱ्या माणसाचा. त्या दोन तासांसाठी अत्याधुनिक संगणकाची गरज नव्हती. जुन्या सरकारी संगणकांच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद नाही. त्याचबरोबर, नुसते संगणक पाठवून हात झटकणाऱ्यांच्या विरोधातही याहून चांगला पुरावा नाही.

यंत्र स्वस्त, चालवणे महाग

सरकारच्या स्वतःच्या हिशेबातही हेच दडलेले आहे. समग्र शिक्षा योजनेत एका शाळेतील संगणक प्रयोगशाळेच्या उभारणीसाठी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि पुढील पाच वर्षे चालवण्यासाठी दरवर्षी २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत साह्याची तरतूद ठेवण्यात आली. पाच वर्षांचा चालू खर्च १२ लाख होतो, म्हणजे उभारणीच्या जवळपास दुप्पट. देणगीतून आलेले संगणक यातील फक्त पहिल्या रकमेचा काही भाग वाचवतात. शिक्षक, दुरुस्ती, वीज आणि इंटरनेट हा उरलेला खर्च कायमच राहतो. जुन्या यंत्रांत तर दुरुस्तीचा भाग वाढतोच.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांना या खर्चाची झळ परिचित आहे. वीजबिल थकल्याने शाळेची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्यात अनेकदा आल्या आहेत. अशा शाळेत दहा डेस्कटॉप पोहोचवणे म्हणजे मुख्याध्यापकाच्या चिंतेत भर टाकणे होय. याउलट कमी वीज खाणारे आणि भारनियमनातही काही काळ चालणारे जुने लॅपटॉप ग्रामीण शाळेला अधिक सोयीचे ठरतील. मात्र त्यांच्या बॅटऱ्या तपासून, गरज असेल तेथे बदलूनच ते द्यावे लागतील. कोणते यंत्र कोणत्या शाळेला, हा विचार देणाऱ्याच्या सोयीने न होता घेणाऱ्याच्या गरजेने व्हायला हवा.

डिस्कमधील माणसे

दुसरा धोका शाळेचा नसून नागरिकांचा आहे. तहसील कार्यालयातील संगणकात सातबारा असतो, रुग्णालयातील संगणकात आजारांच्या नोंदी असतात, समाजकल्याण कार्यालयातील संगणकात जातीचे दाखले आणि बँक खात्यांचे तपशील असतात. फाइल 'डिलीट' केली किंवा डिस्क 'फॉरमॅट' केली म्हणजे हे सारे नाहीसे होते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलात यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक निघाले.

हा धोका लिलावातही तेवढाच आहे, हे विसरून चालणार नाही. भंगारवाल्याकडे गेलेली डिस्क शाळेत गेलेल्या डिस्कपेक्षा अधिक सुरक्षित असते, असे मानण्यास आधार नाही. त्यामुळे गोपनीयतेचे कारण पुढे करून शाळांना नकार द्यायचा आणि तेच संगणक निविदा काढून विकायचे, यात संगती नाही. अमेरिकेच्या मानक-संस्थेने २००६ पासून यासाठी पायऱ्या घालून दिल्या आहेत. माहितीच्या संवेदनशीलतेनुसार डिस्क साध्या पद्धतीने पुसायची, खोलवर पुसायची की नष्टच करायची, हे ठरवायचे आणि केलेल्या कामाचे प्रमाणपत्र ठेवायचे. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. सरकारी यंत्रणांना काही सवलती असल्या, तरी नागरिकांची माहिती सांभाळण्याची नैतिक जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. अतिसंवेदनशील कार्यालयांतील डिस्क नष्ट करून त्या जागी नवी, लहान डिस्क बसवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्याचा खर्च गृहीत धरूनच योजना आखावी लागेल.

शेवटी कचरा कोणाचा?

तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. शाळेत गेलेला संगणक तीन-चार वर्षांनी बंद पडणारच. त्यानंतर काय? २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) एका आर्थिक वर्षात एक हजार किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक साधने वापरणाऱ्या संस्थेला 'मोठा ग्राहक' मानले जाते. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रीकरण करणारे यांच्याकडेच सोपवायचा असतो. आता अशा एखाद्या कार्यालयाने आपले हजार संगणक शंभर शाळांना प्रत्येकी दहा वाटले, तर काय होईल? कार्यालयाची जबाबदारी संपेल आणि दहा संगणकांची शाळा 'मोठा ग्राहक' ठरणार नाही. कायद्याने एका जागी असलेले बंधन शंभर जागी विरून जाईल. यंत्रांतील शिसे मात्र कुठेच विरणार नाही.

दानाच्या नावाखाली कचरा कसा हलतो, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. 'बासेल ॲक्शन नेटवर्क' या संस्थेने २००५ मध्ये नायजेरियातील लागोस बंदराची पाहणी केली. महिन्याला सुमारे ५०० कंटेनर भरून जुनी इलेक्ट्रॉनिक साधने तेथे येत होती. त्यांतील पाऊण हिस्सा दुरुस्तही होण्याजोगा नाही, असे तेथील व्यावसायिकांनी सांगितले. पाठवणाऱ्या देशांत त्याला गरीब जगाची डिजिटल दरी बुजवणे म्हटले जात होते. देशातल्या देशात, राजधानीतून तालुक्याकडे असे घडायला बंदराची गरज नाही. शाळेत ते घडले, तर आणखी एक अडचण उभी राहते. बंद पडलेले यंत्र निर्लेखन होईपर्यंत नोंदवहीतून काढता येत नाही. त्यामुळे वर्गखोली अडवून बसलेला संगणक पुढच्या मुख्याध्यापकाला मोजून ताब्यात घ्यावा लागतो.

काय करता येईल?

महाराष्ट्रात यासाठी नवे महामंडळ स्थापण्याची गरज नाही. राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि संगणक-दुरुस्ती व जाळे-देखभाल हा आयटीआयचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे. प्रत्येक जिल्ह्यात अशी एक संस्था नूतनीकरण केंद्र म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदवता येईल. कार्यालयांनी यंत्रे थेट शाळेला न देता या केंद्राला द्यावीत. प्रशिक्षणार्थींना खऱ्या यंत्रांवर हात बसवता येईल आणि शाळेला तपासलेले, चालू यंत्र मिळेल. कॅनडाच्या कार्यशाळेचे हे मराठी मुलखातील सोपे रूप ठरेल.

'विंडोज १०' च्या यंत्रांवर मुक्त सॉफ्टवेअर बसवले, तर ती आणखी काही वर्षे सुरक्षितपणे चालू शकतात. केरळच्या शाळांनी हा मार्ग फार पूर्वी स्वीकारला असून, तेथे दहावीपर्यंतचे संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर होते. 'सी-डॅक'ने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध आहे. शासनाने नियमांत तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. पाच-सहा वर्षांच्या आतील चालू संगणकांबाबत लिलावापूर्वी शाळांचा हक्क पहिला राहील. माहिती पुसल्याच्या प्रमाणपत्राविना कोणतेही यंत्र, लिलावातलेही, कार्यालयाबाहेर जाणार नाही. आणि बंद पडलेले यंत्र त्याच केंद्राला परत करण्याचा शाळेला अधिकार असेल. परत दिल्याची पावती हाच नोंदवहीतील निर्लेखनाचा पुरावा मानला जाईल. याबरोबरच यंत्रासाठी किमान दर्जा ठरावा आणि त्याखालील यंत्र नाकारण्याची मुभा मुख्याध्यापकाला असावी. नकार देता येत नसेल, तर ते दान उरत नाही.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. शहरातील खासगी शाळेत नवी साधने आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत साहेबांनी टाकलेली, ही विषमतेची नवी पायरी नव्हे काय? जुने संगणक मिळाले म्हणून सरकारने शाळांसाठीचा निधी कापला, तर हा आक्षेप पूर्णपणे खरा ठरेल. म्हणून नूतनीकृत यंत्रे ही अर्थसंकल्पातील तरतुदीची जागा घेणार नाहीत, अशी अट हवी. यंत्रांवर वाचलेला पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, विजेवर आणि दुरुस्तीवर खर्च व्हावा. वडोदऱ्यात जो फरक पडला, तो तिथेच पडला होता.

केंद्र सरकारने चार वर्षांनंतर आपल्या अधिकाऱ्याला लॅपटॉप घरी नेऊ देताना यंत्राचे आयुष्य, माहितीची स्वच्छता आणि मालकी या तिन्ही गोष्टींचा निकाल एका आदेशात लावला. पाच लाखांहून अधिक शाळा संगणकाविना असताना तसाच एक आदेश त्यांच्यासाठी निघायला हरकत नसावी. तो निघाला, तर त्यात यंत्रे किती वाटली या आकड्याखाली आणखी एक रकाना छापला जावा. दोन वर्षांनंतर त्यातील किती चालू आहेत आणि आठवड्यातून किती तास मुले त्यांच्यासमोर बसतात, हे त्या रकान्यात भरायचे. योजना मदत होती की अडगळ, याचा निवाडा त्यावरून होईल.